दादानं केलेलं विसरू नको

"मॅडम, मी कृतघ्न माणूस आहे का, तेवढं सांगा."

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेल्या त्यानं खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. वय ३३, कोल्हापूरच्या उद्यमनगरात थोरल्या भावाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू कापून घडवायच्या यंत्रावर, काम. (लिहायला त्याची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वडील गेले तेव्हा हा सहावीत होता आणि दादा सतरा वर्षांचा. दादानं कॉलेज सोडलं, रात्रपाळी धरली, याला आयटीआय करून दिलं. आता याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) नोकरी मिळत होती आणि घरात तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. सकाळी वर्कशॉपचं शटर दिसलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ईसीजी काढून झाला होता, त्यात काही निघालं नव्हतं.

"आई म्हणते, वहिनी म्हणते, पाहुण्यातलं कोण भेटलं की तेही म्हणतं, दादानं केलेलं विसरू नको. विसरलो नाही ओ मी. पण आतनं काही येतच नाही. नुसतं ओझं वाटतंय."

मामाकडं राहून शिकलेली मुलगी, सासऱ्यांनी दुकान घालून दिलेला जावई, असे बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात. सगळ्यांना वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

मी आधी त्याला वही लिहायला सांगितली. त्यामागं आधार होता. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात, ज्यांनी दहा आठवडे दर आठवड्याला कृतज्ञ वाटलेल्या गोष्टी लिहिल्या, त्यांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्य अधिक बरं वाटलं होतं. पण याची वही बघून माझी चूक मला कळली. दादानं फी भरली. दादानं लग्न करून दिलं. दादानं गाडीचं डाउन पेमेंट दिलं. ते सोसायटीच्या कर्जाचं खातं झालं होतं, आणि झोप आणखी कमी झाली होती.

मानसशास्त्रज्ञ फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच मांडलं. मदत करणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी जास्त, तितकी देणेकरीपणाची भावना वाढते आणि कृतज्ञता मात्र घटते. आपल्याकडं 'उपकार' या एकाच शब्दात दोन्ही भावना कोंबल्या जातात, म्हणून माणूस गोंधळतो. त्याला मी सांगितलं, तुमची कृतज्ञता मेलेली नाही, वसुलीखाली दबली आहे. आणि हेही सांगितलं की नोकरीचा निर्णय हा दादाशी हिशेब नव्हे.

मग वही बाजूला ठेवून विचारलं, "घरात कुणीच कधी बोलून दाखवलं नाही, असं दादाचं काही आठवतं?"

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "रात्रपाळीवरनं येऊन मला सायकलवरनं शाळेत सोडायचा. हाताला ऑईल असायचं. माझा शर्ट पांढरा. तर मला सीटवर बसवताना हात लावायचा नाही, दोन्ही कोपरांनी धरून उचलायचा." त्यानं तसं करून दाखवलं आणि त्याचे डोळे भरले.

हे कुठल्याच यादीत नव्हतं, कारण ते फक्त त्यानं पाहिलं होतं. मी कृतज्ञतेबद्दल विचारते तेव्हा आता असंच विचारते: माणूस, जागा, हात, कपडे. 'आईवडिलांनी खूप केलं' या वाक्यानं कुणाच्या आत काही हलत नाही. आणि ज्या घरात मारहाण आहे, छळ आहे, तिथं मी हे विचारतच नाही. तिथं आधी माणूस सुरक्षित व्हायला हवा.

"हे दादाला सांगाल?"

"कसं सांगणार? खंडेनवमीला लेथला झेंडूचा हार घालतोय, पण माणसाला काय बोलायचं असतं तेच ठाऊक नाही."

घरच्यांचे आभार मानणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. म्हणून म्हटलं, आभार मानूच नका, नुसती आठवण सांगा.

तीन आठवड्यांनी आला. चहाच्या वेळी त्यानं सांगितलं होतं. दादा "तुला आठवतंय व्हय ते?" एवढंच म्हणाला आणि उगाचच लेथचा चक साफ करत बसला. चार दिवसांनी यानं नोकरीचं सांगितलं. दादा चिडला, आठवडाभर कामापुरतंच बोलला. वहिनी अजून बोलत नव्हती.

"आणि छातीवरचा दगड?"

"आहे थोडा. पण काल रात्री दादा जेवताना म्हणाला, तिथं मशीन कुठल्या कंपनीची आहेत रे?"