बारीक माणसाला शुगर कशी?

प्रश्न: वय 41, कोथरूडला राहतो, लहानपणापासून काडीपैलवान. ऑफिसच्या चेकअपमधे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.8 आलं. रिपोर्ट चुकलाय का?

उत्तर: शंका असेल तर टेस्ट परत करा, करावीच, पण बारीक म्हणजे सेफ हे आधी डोक्यातून काढा. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधे त्यांचा नि लंडनच्या डॉ. जॉन युडकिनांचा फोटो आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम टू सेम 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! वजनकाट्याला काय कळतंय कप्पाळ. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात, तेच कमी आणि वर पोटात आत चरबी, मग इन्सुलिनचं काही चालेनासं होतं. पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं याज्ञिकांच्या टीमने मोजली तर वजनाला हलकी पण चरबी त्यामानाने टिकून, म्हणजे सुरुवात आईच्या पोटातूनच. तुम्ही टेप घेऊन कंबर मोजा, पोट आत न ओढता (सगळे ओढतात), 90 सेंमीच्या वर नको. नुसतं चालू नका, वजनंही उचला. आणि वजन आपोआप उतरत असेल, सारखी तहान लागत असेल तर लगेच डॉक्टर गाठा, डायबेटिसचा वेगळा प्रकारही (टाइप 1 वगैरे) असू शकतो.