टोकियोला निघालेल्या नव्या सहकारिणीस

टोकियोला रुजू होण्याआधी एक लक्षात ठेव. मीटिंगमध्ये कुणी "जरा अवघड आहे" म्हणालं, तर तो बहुतेक वेळा नकारच असतो. लगेच दुसरा उपाय पुढे करून गळ घालू नकोस. नंतर एकट्याला गाठून शांतपणे विचार. आपल्याला बोलण्यातली शांतता सोसत नाही, आपण ती भरून काढतो. तिथे ती विचारासाठी असते. हे अंगवळणी पाडायला वेळ लागतो. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देणं-घेणं लगेच जमतं.

पण त्यांच्यासारखं होण्याच्या नादात स्वतःला पुसून टाकू नकोस. मासे खात नसशील तर जेवणाचा बेत ठरतानाच सांग, कारण तिथल्या बऱ्याच रश्शांत बोनिटो माशाचा अर्क असतो. ऐनवेळी वाटी बाजूला सारलीस तर यजमान खजील होतो.

गणपतीबद्दलही मोकळेपणाने बोल. टोकियोच्या असाकुसा भागातल्या मात्सुचियामा मंदिरात कांगितेन, म्हणजे गणेशाचंच जपानी रूप, पुजलं जातं आणि भक्त पांढरा मुळा वाहतात. सहकाऱ्यांना घेऊन जा. योगा आणि करीच्या पलीकडच्या गप्पा तिथे आपसूक सुरू होतात. आणि त्यांनाही एका साच्यात घालू नकोस: ओसाकाची माणसं टोकियोवाल्यांपेक्षा मोकळी, असं तेच तुला सांगतील.