खाली घसरणारा उपग्रह जोरात का पळतो?

प्रश्न : बाई, आमच्या गच्चीवरची टीव्हीची छत्री वर्षानुवर्षं एकाच दिशेला रोखलेली आहे, म्हणजे तिचा उपग्रह आकाशात हलत नसणार. अवकाश स्थानक मात्र पाचेक मिनिटांत डोक्यावरून निघून जातं. असं का? आणि हवेच्या घर्षणामुळे उपग्रह खाली येतो म्हणतात, म्हणजे त्याचा वेग कमी होत जातो ना?
— एक वाचक, कराड

उत्तर : वर्तुळाकार कक्षेची उंची एकदा ठरली की वेग आपल्या हातात राहत नाही, तो गुरुत्वाकर्षणच ठरवतं. मग उपग्रह दहा किलोचा असो की दहा टनांचा. अवकाश स्थानक सुमारे 400 किमी उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं पुष्कळांना वाटतं, पण ते जमिनीवरच्या जवळजवळ 89 टक्के असतं! एवढी ओढ असताना न कोसळता फिरत राहायचं तर सेकंदाला 7.7 किमीच्या आसपास वेग लागतो. म्हणून त्याची एक फेरी दीड तासात होते.

टीव्हीचा उपग्रह 35,786 किमीवर. तिथे ओढ जेमतेम सव्वादोन टक्के उरते, सेकंदाला 3 किमीपेक्षा किंचित जास्त वेग पुरतो आणि वर्तुळही अवाढव्य. फेरीला 23 तास 56 मिनिटं लागतात, पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतात तेवढीच. शिवाय तो विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. त्यामुळे तो आपल्याला जागच्या जागी दिसतो आणि तुमच्या छत्रीचं तोंड दक्षिणेच्या अंगाला असतं.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. चार-पाचशे किमीवर हवा अगदी विरळ असते, पण असते. ती दर फेरीला उपग्रहाची थोडी ऊर्जा काढून घेते आणि तो जरासा खाली सरकतो. खाली सरकताना जी स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली ऊर्जा) सुटते, तिच्यातली निम्मी घर्षणात जाते आणि निम्मी वेगात जमा होते. म्हणजे वेग वाढतो! 500 किमीवर तो सेकंदाला 7.61 किमी असतो, 400 किमीवर 7.67. फेरीही दोन मिनिटांनी लवकर संपते. खाली हवा दाट, म्हणून घसरण वाढते, आणि घसरला की आणखी दाट हवेत सापडतो. 200 किमीच्या खाली आला की मग फार दिवस उरत नाहीत. त्यात सौर वादळ आलं तर वरची हवा तापून फुगते. फेब्रुवारी 2022 मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले 49 उपग्रह सुमारे 210 किमीवर होते, त्यांतले 38 अशाच वादळात गेले.

उंचावरच्या उपग्रहांचं दुखणं नेमकं उलटं. ते पडतच नाहीत. आपला कार्टोसॅट-2 हा 2007 मध्ये सुमारे 635 किमीवर गेला. काम संपल्यावर तसाच सोडला असता, तर उतरायला 30 वर्षं लागली असती आणि तोवर तो इतरांच्या वाटेत फिरत राहिला असता. इस्रोने उरलेलं इंधन वापरून कक्षेचं खालचं टोक 380 किमीपर्यंत आणलं, पुढचं काम हवेने केलं. 14 फेब्रुवारी 2024 रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. मेघा-ट्रॉपिक्स तर 867 किमीवर होता, आपणहून यायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती. असा ठरवून उतरवण्यासाठी तो मुळात बांधलेलाच नव्हता, तरी मार्च 2023 मध्ये इस्रोने तो प्रशांत महासागरावर आणून संपवला. या दोन मोहिमांचं मला एखाद्या यशस्वी उड्डाणाइतकंच कौतुक वाटतं. परतीचं इंधन राखून ठेवणं प्रत्येक देशाला आणि कंपनीला सक्तीचंच हवं.

तुमच्या टीव्हीच्या उपग्रहाला मात्र हा मार्ग नाही. तिथून त्याला खाली आणायला भरमसाट इंधन लागेल आणि ओढून घ्यायला हवाही नाही. म्हणून निवृत्त करताना त्याला आणखी दोन-तीनशे किमी वर ढकलतात, म्हणजे त्याची जागा नव्या उपग्रहाला मोकळी होते.