जपानी शहरं शिकून नोकरी मिळेल?

प्रश्न : मुलगी नाशिकला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढे जपानमधल्या शहरांचा, तिथल्या बदलत्या गल्ल्या-चौकांचा अभ्यास करायचा म्हणते. यात नोकरी आहे का? – एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, ‘जपानी शहरांचे अभ्यासक पाहिजेत’ अशी जाहिरात कुठेच दिसणार नाही, हे आधीच सांगते. नगररचनाकार मात्र लागतात आणि जपान जवळून पाहिलेला असेल तर त्याला भाव येतो. मुंबईची भुयारी मेट्रो, अटल सेतू, बुलेट ट्रेन, तिन्हींना ‘जायका’ या जपान सरकारच्या मदतसंस्थेचं कर्ज आहे.

मुलीला एवढंच विचारा, शहर कुठलं आणि नेमकं काय शोधायचंय? टोकियोतलं शिमोकिताझावा घ्या. ओदाक्यू रेल्वेचे रूळ २०१३ मध्ये जमिनीखाली गेले आणि वर १.७ किलोमीटरची चिंचोळी पट्टी मोकळी झाली. मॉल उठला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. तिथे आली ती खाली दुकान, वर राहायला जागा अशी बुटकी घरं, पाळणाघर, पायवाटा. आणि शिबुयातलं मियाशिता पार्क? ते २०२० मध्ये मॉलच्या गच्चीवर चढलं. बागेत आसरा घेतलेल्या बेघरांना त्याआधीच हटवलं होतं. बाग कुणाची, यावर प्रबंध होऊ शकतो. टोकियोबाहेर तर वेगळंच चित्र. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभर सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. माझं मत विचाराल तर तिने याच विषयात शिरावं. तिथे गर्दी कमी आहे.

भाषेला पर्याय नाही. इंग्रजीतून मास्टर्स होतं, पण पालिकेची कागदपत्रं आणि दुकानदार आजोबांच्या गप्पा जपानीतच असतात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्र पुण्यात आहे. पदवी हातात येईपर्यंत तिची एन-४, म्हणजे खालून दुसरी पातळी तरी व्हावी.

खर्चासाठी घर गहाण ठेवू नका. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मिळाली तर फी, विमानभाडं आणि दरमहा सव्वा लाख येनहून जास्त विद्यावेतन मिळतं. दूतावासामार्फतचे अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात. कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. दिवाळीच्या सुट्टीत तिला तो लिहायला बसवा. ‘टोकियोतील सार्वजनिक जागा’ एवढंच शीर्षक लिहून आणलं, तर परत पाठवा.