इंग्लंडमधल्या खेड्याभोवती शेतातून, रानातून, माळावरून पळायचं तर मार्ग कसे शोधावेत? कोणतं ॲप चांगलं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे होप व्हॅलीतल्या एका खेड्यात राहायला आलात, घरामागे शेतं, वर झाडी, त्याच्याही वर उघडा माळ दिसतो, आणि पळायला मार्ग दाखवणारं चांगलं ॲप हवंय. मी शेफील्डला राहते आणि त्याच डोंगरांत दहा वर्षं पळते आहे. ॲपचं शेवटी सांगते. आधी कागदी नकाशा विकत आणा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर, १:२५,००० चा. पीक डिस्ट्रिक्टचे, म्हणजे आपल्या या डोंगराळ भागाचे, दोन आहेत, डार्क पीक आणि व्हाइट पीक. दोन्ही घ्या. त्यात शेताचा एकूण एक गडगा, म्हणजे दगडी बांध, दाखवलेला असतो, आणि धुक्यात गडग्यासारखा सोबती नाही.

त्या नकाशावरची एक गोष्ट इथे जन्मलेल्यांनाही नीट माहीत नसते. हिरवी तुटक रेघ म्हणजे तिथून जायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. तिथे वाट दिसेलच असं नाही. काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट दिसते. तिथून जायचा हक्क असेलच असं नाही. हक्क वेगळा आणि वाट वेगळी, हे ज्याला कळलं त्याला निम्मा नकाशा कळला. आणि ॲपवर कुणीतरी पळून टाकलेली रेघ म्हणजे या दोन्हींपैकी काहीच नाही. तिचा अर्थ एवढाच, की एक माणूस एका दिवशी तिथून गेला. तो कडक उन्हाळ्यात गेला की जमीन गोठलेली असताना गेला, हे ती रेघ सांगत नाही.

हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे.

आम्ही चौघं मराठी दर रविवारी एकत्र पळायचो. त्यात वयाने मोठे एक दादा होते, तीन मॅरेथॉन पूर्ण केलेले. मार्ग तेच ठरवायचे. नोव्हेंबरच्या शेवटचा रविवार होता. कुणाकडे तरी जेवण लांबलं आणि ग्राइंडलफर्ड स्टेशनवरून निघायलाच पावणेदोन झाले. पॅडली गॉर्जच्या ओकच्या जंगलातून चढलो. तिथे या दिवसांत पळणं होतच नाही, शेवाळलेली मुळं आणि कुजक्या पानांवरून नुसतं तोल सांभाळत चालायचं. लाँगशॉच्या कुरणात पाय मोकळे झाले आणि आम्ही व्हाइट एजची वाट धरली. व्हाइट एज हा उत्तर-दक्षिण गेलेला कडा. पश्चिमेला उतार खोऱ्याकडे जातो, पूर्वेला बिग मूर हा उघडा माळ पसरलाय. निम्म्या वाटेवर धुकं उतरलं.

दादांच्या फोनवर कड्यापासून फुटून थेट मूरमधून पूर्वेला जाणारी एक रेघ होती. मी म्हटलं, "दादा, इथे वाट दिसत नाही. कड्याकडेनेच परत फिरू." ते म्हणाले, "अगं, दोन किलोमीटरवर डांबरी रस्ता आहे. सह्याद्रीतली तू, आणि या टेकडीला घाबरतेस?"

माझ्या पाठीवरच्या पिशवीत नकाशा होता, होकायंत्र होतं. मी ते बाहेर काढलं नाही. दादांसमोर नकाशा उघडून त्यांना चुकीचं ठरवणं मला तेव्हा जमलं नाही. आजही सगळ्यात जास्त तेच टोचतं.

मूर म्हणजे आपला सडाच, डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार, पण पायाखाली कातळ नाही, पीट. हजारो वर्षं ओलाव्यात न कुजता साठत गेलेलं शेवाळ आणि गवत. वर मोलिनिया गवताचे गुडघ्याएवढे ठोंब, दोन ठोंबांच्या मध्ये काळं पाणी. ठोंबावर पाय दिला तर घोटा मुरगळतो, मध्ये दिला तर मांडीपर्यंत आत. वीस मिनिटांत आम्ही चारशे मीटरसुद्धा गेलो नसू. आमच्यातल्या एकीचा पाय वर आला आणि बूट आतच राहिला. मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात घातला. वर बोटं बधिर करणारं पाणी, त्याखाली लोण्यासारखा मऊ लगदा, आणि कितीतरी वेळाने बोटाला नाडी लागली. मान वर केली तर समोर धुक्यात लाल हरणांचा कळप उभा. बिग मूरवर हा कळप नेहमी असतो, पण इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या नाकातून वाफ येत होती आणि ती आमच्याकडे बघत होती. तेवढ्यात दादा म्हणाले, फोन बंद पडला. चौतीस टक्के दाखवत होता. थंडीत बॅटरी अशीच मान टाकते. साडेतीन वाजले होते. या दिवसांत इथे सूर्य चारच्या आत मावळतो.

मग मी नकाशा काढला.

आपण नेमके कुठे आहोत हे कळायची गरजच नव्हती. कड्यावरची वाट उत्तर-दक्षिण जाते, आम्ही तिच्या पूर्वेला होतो. सरळ पश्चिमेला चालत राहिलं की ती आडवी येणारच. होकायंत्र पश्चिमेला लावलं, एकीला धुक्यात दिसत राहील इतकंच पुढे पाठवायचं, तिला रेषेत उभं करायचं, तिच्यापर्यंत जायचं, पुन्हा पाठवायचं. अर्ध्या तासाने पायाखाली खडी वाजली. वाटेने उत्तरेला येऊन उतरलो ते ग्राउझ इन पबच्या दिव्यांपर्यंत. चौघांत एक टॉर्च होता.

महिन्याभराने एका घरी जेवायला जमलो तेव्हा दादा सगळ्यांना सांगत होते, "ही घाबरली म्हणून फिरलो, नाहीतर रस्ता पाचशे मीटरवर होता." घरी येऊन मी नकाशावर मोजलं. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. रस्ता दीड किलोमीटरच्या वर राहिला होता आणि मध्ये बार ब्रूकचा ओढा होता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विषय बदलला. आमचं रविवारचं पळणं त्यानंतर बंद झालं.

माझं माहेर साताऱ्याचं. यवतेश्वरचा घाट आणि कासचा सडा मी लहानपणापासून तुडवलाय. कास बाराशे मीटरच्या आसपास, व्हाइट एज जेमतेम साडेतीनशे. या आकड्यांवरून जो इथल्या डोंगराला टेकडी म्हणतो त्याला डोंगर कळत नाही. कासवर वाट चुकली तर पायाखाली कातळ असतो आणि हाक मारली तर कुठून तरी गुराखी ओ देतो. इथे नोव्हेंबरात ओ देणारं कुणी नसतं.

आता तुमचं. खालच्या शेतांत फाटकांवर दिसणारा पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही चालतात. वाट उभ्या पिकातून गेली तर बिचकू नका. आपल्याला बांधावरून जायची सवय, पीक तुडवायला जीव होत नाही, पण इथे वाट मोकळी ठेवणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. नांगरल्यावर ती चौदा दिवसांत पुन्हा करून द्यावी लागते. वासरं असलेल्या गायींपासून मात्र लांब राहा, त्यांच्या मधून तर कधीच जाऊ नका.

वरच्या मूरचा बराचसा भाग नकाशावर फिकट पिवळा दिसेल. तिथे पायी कुठेही फिरायची मुभा आहे. १९३२ च्या २४ एप्रिलला किंडर स्काउट या इथल्याच डोंगरावर शेकडो कामगार खासगी जमिनीत शिरायची बंदी मोडून चढले, त्यातले पाच जण तुरुंगात गेले, आणि मोकळ्या जमिनीवर फिरण्याच्या हक्काचा कायदा व्हायला २००० साल उजाडलं. तो हक्क मला फार मोलाचा वाटतो. पण कुठेही जायची मुभा आहे म्हणून कुठूनही जाता येतं असं नाही. कुत्रा पाळलात तर १ मार्च ते ३१ जुलै तिथे तो दोरीला बांधूनच न्यावा लागतो. तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालतात.

पहिला मार्ग सांगते. हॅदरसेजच्या चर्चपासून शेतांतून नॉर्थ लीज, स्टॅनेज प्लांटेशनच्या झाडीतून वर स्टॅनेजच्या कड्यावर, कड्याकडेने आग्नेयेला बरबेजच्या वरच्या पुलापर्यंत, हिगर टॉर, आणि खाली गाव. दहा-बारा किलोमीटर भरतील. शेत, रान, माळ, तिन्ही त्यात येतात. कड्याखाली गवतात जात्याची मोठाली दगडी चाकं पडलेली दिसतील, घडवून तशीच सोडून दिलेली. तिथे जरा थांबा.

ॲप वापरूच नका असं माझं म्हणणं नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचंच ॲप घ्या, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, फोन अंगालगत उबेत ठेवा. दुसऱ्यांनी टाकलेल्या रेघांवरून कल्पना जरूर घ्या, मग त्या कागदावर ताडून बघा. उन्हाळ्यात गावाजवळच पळणार असाल तर एवढ्या जय्यत तयारीची गरज पडणार नाही, हेही खरं. थंडीत मात्र शिट्टी, टॉर्च आणि पूर्ण अंगभर पावसाळी कपडे पाठीवर हवेतच. अडकलात तर ९९९ ला फोन करून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ती माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

आणि सोबत कुणी मोठं, अनुभवी असेल, "अगं, काही होत नाही" म्हणत असेल, तरी नकाशा बाहेर काढा. तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर उघडा. दादा हे वाचतील की नाही कोण जाणे. त्यांनी माफी मागावी असं मला वाटत नाही. "त्या दिवशी तुझ्याकडे नकाशा होता" एवढंच त्यांनी त्या जेवणाला आलेल्यांना एकदा सांगावं.

नोव्हेंबर ते जानेवारी, दुपारी बारानंतर वर चढायला सुरुवात करू नका.