पॅडी की एसएसआय? आधी पगार कुठून येणार ते बघा

देवबागच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 26, तीन सीझन मालवणात स्कूबा डाइव्हिंगचा डाइव्हमास्टर, म्हणजे लोकांना पाण्याखाली फिरवून आणणारा, लॉगबुकात सहाशेच्या वर डाइव्ह. ऑक्टोबर ते मे महिन्याला 24,000 मिळतात, पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. घरखर्चात ते 11,000 देतात. एफडीत 2,40,000 आणि खात्यात 35,000 आहेत. त्यांना इन्स्ट्रक्टर, म्हणजे डाइव्हिंग शिकवणारा, व्हायचंय. पॅडी आणि एसएसआय या त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे कार्ड, देणाऱ्या एजन्सी. अंदमानातलं एक सेंटर पॅडीचा कोर्स 1,55,000 ला देतंय, गोव्यातलं एक सेंटर एसएसआयचा 1,10,000 ला. "शिकवायचं तेच, मग नावासाठी 45,000 जास्त का मोजायचे? आणि कमी पडले तर आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. ठेवू का?"

तुम्ही कोटेशनचे फोटो पाठवलेत ते बरं झालं. अंदमानच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे, 'एजन्सी फी व साहित्य वेगळे'. तीच ओळ महाग पडणार आहे. परीक्षेची फी, सदस्यत्वाच्या अर्जाची फी, प्रथमोपचार शिकवण्याचं प्रमाणपत्र, डिजिटल साहित्य, शिवाय डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला. हे सगळं आणि जाणं-येणं-राहणं धरून मी अंदमानचा खर्च 2,55,000 मानतोय. गोव्याच्या कागदावर अशी ओळ नाही, पण 'सर्व समाविष्ट' असंही कुठे लिहिलेलं नाही. तिथे मी 1,60,000 धरतो. म्हणजे खरा फरक 45,000 चा नाही, 95,000 च्या आसपासचा आहे. दोघांकडूनही सगळं धरून एकच आकडा लेखी मागवा.

इतका फरक असूनही माझा कल पॅडीकडे आहे. शिकवण्याचा दर्जा हे त्याचं कारण नाही. दोन्ही एजन्सींचे इन्स्ट्रक्टर एकाच आयएसओ मानकात बसतात. पॅडी 1966 ची, एसएसआय 1970 ची, दोन्ही जुन्या आणि जगभर चालणाऱ्या. विद्यार्थी चांगला घडतो तो शिकवणाऱ्यामुळे.

कारण पैशाचंच आहे. पॅडीच्या इन्स्ट्रक्टरला पुढे एसएसआयचं कार्ड हवं असेल तर छोटा क्रॉसओव्हर, म्हणजे एजन्सी बदलण्याचा कोर्स, पुरतो. उलटं जायचं म्हटलं तर पॅडीच्या परीक्षेला बसावंच लागतं आणि तिची फी पुन्हा भरावी लागते. तुम्ही लिहिलंय की सध्याचं सेंटर पॅडीचं आहे आणि तिथे इन्स्ट्रक्टरला 38,000 मिळतात. महिन्याला 14,000 जास्त, आठ महिन्यांचे 1,12,000. सव्वादोन सीझनमध्ये खर्च निघतो; दरवर्षीची नूतनीकरण फी आणि विमा धरला तर अडीच. एसएसआयचं कार्ड घेऊन त्याच दारात उभे राहिलात तर मालक म्हणेल, आधी क्रॉसओव्हर करून ये. वाचवलेले पैसे तिथेच जातील.

दुसरं, वडिलांची होडी. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एसएसआयचा इन्स्ट्रक्टर एसएसआयच्या सेंटरशी जोडलेला असेल तरच शिकवू शकतो. पॅडीत वैयक्तिक सदस्य म्हणून स्वतःच्या नावावर विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र देता येतं. पुढेमागे होडी आणि भाड्याच्या हवेच्या टाक्या घेऊन स्वतःचं काही उभं करायचं असेल तर ही मोकळीक कामाची आहे. परवाना, कॉम्प्रेसर हे खर्च आहेतच, पण ते आज नकोत.

मात्र एक गोष्ट आधी पक्की करा. मालवणात येणारे बहुतेक पर्यटक एकदा पाण्याखाली जाऊन फोटो काढून परत जाणारे असतात. इन्स्ट्रक्टरचा जादा पगार परवडतो तो कोर्स विकणाऱ्या सेंटरला, चार डाइव्ह करून 18 मीटरपर्यंतचं ओपन वॉटर हे पहिल्या पायरीचं कार्ड घ्यायला येणाऱ्या विद्यार्थ्यांवर. म्हणून मालकाला थेट विचारा, "कार्ड आणलं तर 38,000 वर घेणार का?" हॅवलॉक, नेत्राणी, ग्रांदे आयलंड अशा डाइव्हिंगच्या इतर बेटांवरच्या चार-पाच सेंटरनाही फोन करा. उत्तर एसएसआयच्या बाजूने आलं तर माझा वरचा हिशेब खुशाल बाजूला ठेवा.

आता पाटल्या. नको. या पावसाळ्यात कोर्स केलात तर 2,75,000 मधले 20,000 उरतील आणि समोर चार महिन्यांचा 44,000 घरखर्च असेल. ती खाच भरायला सोनं गहाण ठेवायचं, आणि व्याज सुरू होणार नेमकं कमाई बंद असताना. एक सीझन थांबा. हा पावसाळा जाऊन 2,31,000 उरतील, आठ महिन्यांत 1,04,000 मागे पडतील, त्यातले 20,000 तुमच्या वरखर्चाला. पुढच्या मेअखेर 3,15,000 हाताशी असतील. कोर्स करून 60,000 उरतात, त्यात पावसाळा निघतो. एफडीही तोवरच्याच मुदतीची करा, मोडायची वेळ यायला नको. कोर्स पावसाळ्यातच उरका म्हणजे पगार बुडणार नाही, आणि सप्टेंबरात भरती सुरू होताना कार्ड हातात असेल.

अंदमानच म्हणून हट्टही धरू नका. एजन्सी आणि सेंटर हे दोन वेगळे निर्णय आहेत. पॅडीचीच कोटेशन जवळपासहून मागवा. पॅडीची परीक्षा सेंटर घेत नाही, बाहेरचा परीक्षक घेतो. मालक अर्धा खर्च उचलून दोन सीझनचा बाँड मागत असेल तर जरूर विचार करा, फक्त मध्येच सेंटर बंद पडलं तर काय, हे त्यात लिहून घ्या. सोबत विकली जाणारी पाच स्पेशालिटीजची, म्हणजे खास विषय शिकवण्याच्या जादा कार्डांची, पॅकेजेस सध्या घेऊ नका. आधी विद्यार्थी मिळू द्या.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. तुमच्या आयुर्विम्याच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'हॉटेल' लिहिलंय. एजंटने सोपं म्हणून लिहिलं असेल, पण दावा करायची वेळ तुमच्या आईवडिलांवर येणार आहे. विमा कंपनीला लेखी कळवा की तुम्ही स्कूबा डाइव्हिंगचं काम करता, आणि पोचपावती घ्या. हप्ता वाढला तर वाढू दे. अपघात विम्यातही स्कूबा वगळलाय का ते पॉलिसीच्या कागदावर वाचा, आणि वगळला असेल तर डाइव्हरसाठीचा वेगळा विमा कोर्सच्या खर्चातच धरा.