महासभेचे नियम ठरवतं कोण, आणि आपण त्यात काय मागू शकतो?

नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनातली महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, कशी चालवायची हे महापौरांच्या मर्जीवर असतं का, आणि नागरिक त्या नियमांत बदल मागू शकतो का, असं तुम्ही सातपूरहून विचारलं आहे. मी दुसऱ्या एका महापालिकेच्या नगरसचिव विभागात, म्हणजे सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या विभागात, बरीच वर्षं इतिवृत्तं (सभेत काय झालं त्याची लेखी नोंद) लिहिली आणि निवृत्तीनंतर नाशिकरोडला राहायला आलो. विषय जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळं महापौरांच्या मर्जीवर नसतं. नाशिक महापालिका १९८२ ची, पण ती चालते १९४९ च्या कायद्यावर, म्हणजे आजच्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर. त्याला जोडलेल्या अनुसूचीत सभेचं कामकाज दिलेलं आहे. दर महिन्याला २० तारखेच्या आत निदान एक सर्वसाधारण सभा व्हायला हवी. सभा लोकांसाठी खुली असते. गुप्त बैठक करायची तर हजर सदस्यांच्या बहुमताने तसं ठरवावं लागतं. मतं समसमान पडली तर पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, निर्णायक मत असतं. या नियमांत भर घालायचा अधिकार कलम ४५४ ने महापालिकेला आहे, मात्र भर कायद्याशी विसंगत नको, मसुदा आधी प्रसिद्ध व्हायला हवा आणि राज्य शासनाची मंजुरी हवी. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाच हरकती-सूचना द्यायची तुमची वेळ असते.

कोण किती मिनिटं बोलणार, सभागृहातला राजदंड (सभेच्या अधिकाराचं चिन्ह असलेला दंड) कुणी उचलला, यावर बातम्या होतात. मला विचाराल तर खरा जीव नोटिशीच्या नियमात आहे. सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघायला हवी. पूर्ण म्हणजे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. सभा २० तारखेला असेल तर नोटीस उशिरात उशिरा १२ तारखेला. विषयपत्रिकेत नसलेला विषय सदस्याला आणायचा असेल तर पूर्ण तीन दिवस आधी नगरसचिवांना लेखी कळवावं लागतं.

हे दिवस आपल्यासाठी ठेवलेत. तुमच्या गल्लीतल्या मोकळ्या भूखंडाचा विषय पत्रिकेवर दिसला, तर नगरसेवकाला गाठून कागद दाखवायला तेवढीच सवड मिळते.

आम्ही होतो तिथे ही सवड ‘जादा विषयां’त, म्हणजे पत्रिकेत नसताना ऐनवेळी आणलेल्या विषयांत, बुडायची. एकदा सभा संपता संपता गठ्ठा पुढे आला, दोन बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला आणि सभा संपली. कोणते विषय मंजूर झाले हे मला, लिहिणाऱ्याला, दुसऱ्या दिवशी कळलं. सूचक-अनुमोदकांची, म्हणजे ठराव मांडणाऱ्या आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या सदस्यांची, नावं तर त्यानंतर भरली गेली. मी तेव्हा गप्प बसलो, याची खंत अजून आहे. म्हणून सांगतो, इतिवृत्त मागा. पुढच्या सभेत ते कायम (मंजूर) होण्याआधी वाचा आणि सभेत जे झालं त्याच्याशी ताडून बघा.

नाशिकला तर ही गोष्ट जास्त लागू आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. सभागृहात बोलायची, ऐकायची सवय इतकी वर्षं तुटली की ती पुन्हा लावावी लागते.

तुम्हाला निवेदन द्यायचं असेल तर फार काही मागू नका. नोटिशीबरोबर प्रत्येक प्रस्तावाचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा. जादा विषय स्वीकारताना तो पूर्ण वाचून दाखवावा आणि तातडी कशासाठी हे इतिवृत्तात लिहावं. मतदान झालं तर कुणी कुठल्या बाजूने मत दिलं ते नावानिशी नोंदवावं. एवढं पुरे. निवेदन नगरसचिवांच्या नावे द्या, पोच घ्या आणि एक प्रत तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना द्या, कारण असा ठराव आत मांडायचा तर तो त्यांच्यापैकीच कुणाला तरी मांडावा लागेल.